श्रावणात उपसलेला हौद

अण्णा, त्या शनिवारी सकाळी मी तुम्हाला काहीही सांगितलं नव्हतं. तुम्ही ओसरीवर पेपर वाचत होतात हे खरं. मी तुमच्या शेजारी बसून बूट चढवत होतो हेही खरं. पण आपल्यात एक शब्दसुद्धा झाला नाही. हौद अर्धाच उपसायला सांगा, असा निरोप मी तुमच्यापाशी ठेवला आणि तुम्ही तो विसरून बालीगंजला निघून गेलात, ही गोष्ट मी त्याच दुपारी, फुटलेल्या हौदाच्या काठावर उभ्या उभ्या रचली. पुढची पाच वर्षं ती आपल्या घरात खरी म्हणून नांदली, आणि तिच्यात भरडले गेलात ते तुम्ही.

काल तुमचं तेरावं झालं. तुम्हाला मुलगा नाही, म्हणून सगळं मी जावयानंच केलं. जाताना गुरुजी म्हणाले, "मुलानं केलं नसतं इतकं केलंत." मी मान खाली घातली. तुमची लेक, कुसुम, आज सकाळपासून माझ्याशी बोललेली नाही. ते बरोबरच आहे.

आपल्या कलकत्त्यातल्या मराठी मंडळींपैकी दोघांनी मला तुमच्यावर लिहायला सांगितलं आहे. तीस वर्षं गणित शिकवलंत, किती मुलं हाताखालून गेली, हे लिहिणारे पुष्कळ निघतील. मला फक्त त्या परसातल्या पाण्याबद्दल लिहायचं आहे.

आम्ही शहराबाहेर डमडमला घर घेतलं तेव्हा फाळणीला तीन वर्षं होत आली होती. आजूबाजूला पूर्व बंगालातून आलेल्यांची कच्ची घरं रोज नवी उभी राहत होती. सासूबाईंना जाऊन वर्ष झालं होतं आणि तुम्ही बालीगंजच्या दोन खोल्यांत एकटे होतात. कुसुम सारखी म्हणायची, अण्णांना इकडे आणा. तुम्ही यायला तयार नव्हतात. लेकीच्या घरी पाणीसुद्धा जपून प्यावं असं मानणारी तुमची पिढी. सगळा जन्म कलकत्त्यात गेला तरी ते तुमच्यातून गेलं नव्हतं. शेवटी आलात ते एक ट्रंक, एक छत्री आणि मातीच्या तीन कुंड्या घेऊन. कुंड्यांमध्ये चिखलपाणी होतं आणि त्यात कमळाचे कंद. टॅक्सीतून येताना तिन्ही कुंड्या तुम्ही मांडीवर आणि पायांत धरून ठेवल्या होत्या. धोतर गुडघ्यापर्यंत काळं झालं होतं.

पानावर बसलात की दुसऱ्यांदा वाढून घेत नसायचात.

"अण्णा, आमटी तरी घ्या," कुसुम म्हणायची.

"पुरे गं. मी पाहुणा माणूस. परतीचं तिकीट हरवलंय, एवढंच."

आम्ही हसायचो. लेकीच्या घरी राहणाऱ्यानं हक्क सांगू नये, कुणाला खोटं पाडू नये, असा तुमचा नेम होता. माझं खोटं त्या नेमामुळे टिकलं, असं मी पाच वर्षं समजत होतो. तेही चूक होतं. पण ते पुढे.

घरामागची जागा खोलगट होती. पावसाळ्यात तिथं घोटाभर पाणी साचायचं. मला ती भर घालून सपाट करायची होती. तुम्ही काठी टेकत चारी बाजूंनी फिरलात आणि म्हणालात, "माधवराव, इथं पूर्वी पुकुर असणार. बुजवलंय कुणीतरी. परत वर येऊ द्या त्याला." पुकुर, घरामागचं तळं, इथल्या माणसाच्या घराला ते स्वयंपाकघराइतकंच लागतं. तुमच्याबरोबर बालीगंजमध्ये फिरायचं म्हणजे बुजवलेल्या पुकुरांवरून चालणं असायचं. एखाद्या तिमजली इमारतीसमोर थांबून तुम्ही म्हणायचात, "आता तुम्ही पाण्यावर उभे आहात. इथं मी पोहायला शिकलो." मला त्याचं हसू यायचं.

आमच्या मालूच्या शाळेच्या वहीच्या मधल्या पानावर तुम्ही तळ्याचा आराखडा काढलात. लांबट गोल आकार. काठ इतका उतरता की म्हैस पडली तरी चालत वर येईल. पहिल्या टप्प्यावर गुडघाभर पाणी, तिथं कमळं. मध्ये छातीभर, तिथं मासे, म्हणजे चैत्र-वैशाखात त्यांना गारव्याला जागा. कडेनं वेखंड आणि कर्दळ. आणि तळाला काही नाही, नुसती तुडवलेली चिकणमाती. खोदायचं फाल्गुनात, भरायचं पावसानं.

"तळाला काहीच नाही?" मी विचारलं. "मग पाणी राहील कसं?"

"जाईल कुठं? खालीही पाणीच आहे."

अण्णा, मी सोलापूरचा. आमच्याकडे भांडी विसळलेलं पाणी आई तुळशीला घालायची आणि आंघोळीचं पाणी केळीला. पाणी जमिनीत मुरलं म्हणजे गेलं, हे मी बाराखडीच्या आधी शिकलो. वर सरकारी बांधकाम खात्यातला इंजिनियर. मी निळ्या कागदावर माझा स्वतःचा आराखडा काढला. बारा फूट लांब, आठ फूट रुंद, चार फूट खोल, त्यातला तीन फूट जमिनीत. चारी बाजूंनी वीटकाम, खाली विटांचा थर, आतून सिमेंटचा गिलावा. एक थेंब बाहेर जाणार नाही आणि एक थेंब आत येणार नाही असा हौद.

त्यावर तीन आठवडे आपली रोज जेवताना जुंपायची. शेवटच्या दिवशी तुम्ही कागद हातात धरून बराच वेळ पाहिलात.

"जावईबापू, हा हौद नाही. तुम्ही होडी बांधताय."

"म्हणजे?"

"आत पाणी आहे तोवर जागेवर बसेल. श्रावणात रिकामी केलीत, की खालचं पाणी तिला उचलणार."

"विटा आणि सिमेंट तरंगत नाहीत, अण्णा."

"जहाज तर लोखंडाचं असतं."

"आजोबा, मग आपण तिच्यात बसून जाऊ," मालू म्हणाली. तेव्हा ती सहा वर्षांची होती. सगळे हसले. मी हसलो नाही. तुमच्या ते लक्षात आलं असावं, कारण तुम्ही कागदाची नीट घडी करून माझ्या ताटाशेजारी ठेवलीत आणि म्हणालात, "घर तुमचं आहे. बांधा. फक्त पावसाळ्यात कधी रिकामा करू नका, एवढं लक्षात ठेवा." मला ते जिंकल्यासारखं वाटलं.

पहिलं वर्ष हौद छान राहिला. तुम्ही तुमच्या कुंड्या विटांच्या चौथऱ्यावर ठेवून पाण्यात सोडल्यात, बाजारातून बोटाएवढे मासे आणलेत. भाद्रपदात पहिलं कमळ उमललं तेव्हा कुसुमला उठवायला तुम्ही स्वतः गेलात. मी तुम्हाला चिडवायचो, "अण्णा, होडी अजून बंदरातच आहे."

"असू दे, असू दे. तुम्ही नांगर उचलू नका म्हणजे झालं."

दुसऱ्या वर्षीच्या श्रावणात आठ दिवस सलग पाऊस झाला. हौदातलं पाणी हिरवंगार झालं, वास मारायला लागला, दोन मासे मरून वर आले. आणि त्या रविवारी आमचे वरचे साहेब बायकोमुलांसह चहाला येणार होते. कचेरीत मीच हौदाचं इतकं वर्णन केलं होतं की त्यांना तो बघायचा होता. शुक्रवारी संध्याकाळी मी दोन मजुरांना गाठलं आणि सांगितलं, उद्या या, सगळा हौद उपसा, तळ घासून काढा, नवं पाणी भरा. तुमचं बोलणं माझ्या लक्षात होतं, अण्णा. मी विसरलो नव्हतो. चार तासांत काय होणार, असं मी मनाशी म्हटलं होतं.

शनिवारी मी आठाला कचेरीत गेलो. तुम्ही नेहमीप्रमाणे नऊला छत्री घेऊन निघालात. श्यामबाजारपर्यंत बस, पुढे ट्राम, बालीगंजला जुन्या मास्तर मंडळींकडे. मजूर दहाला आले. कुसुम रविवारच्या फराळाच्या गडबडीत होती. हुकूम माझा होता म्हणून तिनं काही विचारलं नाही.

अर्ध्या दिवसाची कचेरी संपवून मी अडीचला घरी आलो, तेव्हा मजूर निघून गेले होते. परसात कुसुम, मालू आणि तुमचे बुद्धिबळातले जोडीदार सेनबाबू उभे होते. हौदाचा एक कोपरा जमिनीतून वीतभर वर आला होता. तळ तव्यावरच्या भाकरीसारखा फुगून मधोमध फाटला होता आणि त्या फटीतून गढूळ पाणी बुडबुडे काढत वर येत होतं. एका भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा. कुंड्या कलंडलेल्या. टोपलीत काढून ठेवलेले मासे मालूनं पुसून ओळीनं मांडले होते.

"भासलो!" सेनबाबू हसत हसत म्हणाले. "इंजिनियरबाबूंचा हौद भासलो!" म्हणजे तरंगला. ते पूर्व बंगालातल्या बरिशालचे, पाण्यात वाढलेले. त्यांना खरंच गंमत वाटली होती. त्यात कुत्सित काही नव्हतं.

कुसुम माझ्याकडे वळली. "अहो, अण्णा म्हणाले होते ना, पावसाळ्यात रिकामा करायचा नाही म्हणून? तुम्ही सांगितलंत मजुरांना सगळा उपसायला?"

आणि मी म्हणालो, "मी अर्धाच उपसायला सांगितलं होतं. अण्णांना सकाळी निरोप देऊन गेलो होतो, मजूर आले की सांगा म्हणून. ते विसरून गेलेले दिसतात."

इतकं सहज निघालं ते. आदल्याच आठवड्यात तुम्ही ट्राममध्ये चष्म्याचं घर विसरून आला होतात, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. तेवढ्यात फाटक वाजलं. तुम्ही आलात. हातात ओल्या पंच्यात गुंडाळलेला कसला तरी कंद होता. मित्राच्या तळ्यातला, लाल कमळाचा. तुम्ही हौदाकडे पाहिलंत आणि पहिल्यांदा वाकून कलंडलेल्या कुंड्या सरळ करायला लागलात.

"अण्णा," कुसुम म्हणाली, "ह्यांनी तुम्हाला निरोप दिला होता ना? मजुरांना सांगायचा?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "मला?"

"सकाळी," मी म्हणालो. "तुम्ही पेपर वाचत होतात तेव्हा."

तो पेपर मी का जोडला, अण्णा? खोट्याला बळकटी यावी म्हणून. तुम्ही चिखलाच्या हातानं कपाळ पुसलंत.

"असेल," तुम्ही म्हणालात. "असेल हो. माझ्याच लक्षात राहिलं नसेल."

मी सुटलो. तुम्ही मला सगळ्यांसमोर वाचवलंत, लेकीच्या संसारासाठी गिळून टाकलंत, असं मला वाटलं. मी मनातल्या मनात तुमचे आभार मानले. आणि हळूहळू त्या उपकाराचा मला रागही येऊ लागला.

त्यानंतर घरात काय झालं ते कुणी ठरवून केलं नाही. कुसुमनं आधी तुम्हाला स्टोव्ह पेटवू देणं बंद केलं. मग मालूला शाळेत पोचवणं. मग बालीगंज. "एकटे जाऊ नका, अण्णा, कुठं उतरायचं ते विसरलात तर?" ज्या शहराचं पुकुर न् पुकुर तुम्हाला पाठ होतं, त्या शहरात तुम्ही वाट चुकाल म्हणून ती घाबरायची. दुपारी ती निजायची तेव्हा फाटकाला कुलूप असायचं. एकदा तुम्ही छत्री घेऊन आतूनच फाटकापाशी उभे होतात.

"कुसुम, मला काळ्या पाण्याची शिक्षा झालीय का गं?" तुम्ही हसत विचारलंत.

ती आत जाऊन रडली. मी खुर्चीत बसून पेपर उलटत राहिलो.

पुढच्या फाल्गुनात मी स्वतः हौद फोडून काढला आणि मालूच्या वहीतलं तुमचं पान शोधून आणलं. मला वाटलं, एवढं केलं की फिटलं. अण्णा, ते पंधरा दिवस माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते, हे मला लाज वाटूनही लिहायला हवं. तुम्ही वेताच्या खुर्चीत बसून सांगायचात आणि मी खोदायचो. खालून काळी, लोण्यासारखी माती निघाली. तुम्ही तिची बोटाएवढी वळी केलीत आणि माझ्या मनगटाभोवती कड्यासारखी वाकवलीत. "चिरली नाही ना? मग ही पाणी धरील. सोलापूरला कळवा." कुसुम, मालू आणि मी, तिघं घोट्यापर्यंत चिखलात उभे राहून तळ तुडवत होतो. तुम्ही खुर्चीच्या हातावर ताल धरला होता. "जावईबापू, नाचा, नाचा! तुमच्या लग्नात कुणी नाचलं नव्हतं!"

आषाढात पाणी आलं. कुणी भरलं नाही. दोन दिवसांत ते खालून आणि वरून मिळून गुडघाभर झालं. लाल कमळाचा तुमचा कंद दुसऱ्या वर्षी फुलला. बेडूक आले, बगळा यायला लागला. सेनबाबूंच्या घरच्या बायका काठावर येऊन बसायच्या आणि त्यांच्या मागे राहिलेल्या तळ्यांबद्दल बोलायच्या. पण कुसुमनं तळ्याभोवती बांबूचं कुंपण करवलं होतं. मालूसाठी नाही. तुमच्यासाठी. तुमचं तळं तुम्ही ओसरीवरून बघायचात.

आणि तुमची ती वही. मालूची कोरी पानं उरलेली वही, तिला दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल. रोज सकाळी मी बूट घालायला बसलो की तुम्ही ती उघडायचात.

"माधवराव, आज काही निरोप?"

रोज. पाच वर्षं. मला ते टोमणा वाटायचं. मी कचेरीला जाताना मनाशी म्हणायचो, म्हातारा सोडत नाही, रोज सकाळी मीठ चोळतो. एकदा मी भडकलो.

"अण्णा, काय रोज रोज टोचता?"

तुम्ही गोंधळलात. "टोचतो? अहो, विसरतो म्हणून लिहून ठेवतो."

त्या दिवशीही मला समजलं नाही. किंवा समजून घ्यायचं नव्हतं.

यंदा दुर्गापूजेनंतर तुम्हाला ताप आला आणि तो छातीत उतरला. डॉक्टर येऊन गेले. कुसुमला दोन दिवसांत झोप नव्हती, म्हणून एका दुपारी मी कचेरीतून लवकर येऊन तुमच्याजवळ बसलो. औषधाच्या वेळा लिहून ठेवायला कागद हवा होता. तुम्हाला डोळा लागला होता. मी तुमची वही घेतली आणि उघडली.

दूधवाला मंगळवारी येणार नाही, कुसुमला सांगणे. सांगितलं. मालूची फी, माधवरावांना आठवण करणे. केली. गवंडी दोनला येईल, थांबवून ठेवणे. ठेवला. पानामागून पान. प्रत्येक ओळीसमोर बरोबरची खूण, गणिताच्या वहीत करायचात तशी. खूण नसलेली एकही ओळ नव्हती. मग मी तुमच्या नोंदींचं पहिलं पान उघडलं. तिथं तुमचं अक्षर जरा वेगळं, घाईचं होतं.

"शनिवारी माधवरावांनी निरोप दिला. मी पेपर वाचत होतो म्हणतात. पेपरातलं आठवतं. पहिल्या पानावर पुराची बातमी. तांदळाच्या रांगांचं छायाचित्र. आतल्या पानावर फुटबॉल. शेजारी माधवराव बूट घालत होते, डाव्या बुटाची नाडी तुटली, तेही आठवतं. ते काय बोलले ते मात्र आठवत नाही. पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं."

नाडी तुटली होती, अण्णा. मीच ते विसरलो होतो.

तुम्ही मला वाचवलं नव्हतं. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवला होता. जावई खोटं बोलत असेल हे तुमच्या मनातच आलं नाही, म्हणून तुम्ही स्वतःच्या डोक्याला खोटं ठरवलंत.

तुम्ही जागे झालात तेव्हा मी सांगितलं. सगळं सांगितलं, आणि त्याबरोबर कारणंही सांगितली. साहेब येणार होते. सेनबाबू हसले. कुसुमनं सगळ्यांसमोर विचारलं. इंजिनियर माणसाची काय शोभा झाली असती. तुम्ही ऐकत होतात.

"म्हणजे मी विसरलो नव्हतो?" तुम्ही विचारलंत.

"नाही."

तुम्ही हसलात. छातीत कफ असूनही मोठ्यानं हसलात, चांगली बातमी ऐकल्यासारखे. "पेपरातलं सगळं आठवत होतं हो मला! म्हटलं, तेवढंच कसं गेलं?" मग खोकला आला, आणि तो थांबल्यावर हसू परत आलं नाही.

"माधवराव, मी पाच वर्षं रोज सकाळी डोळे न उघडता एकोणतीसचा पाढा म्हणून बघतो. येतोय का अजून. तो आला की मगच उठतो."

मी तुमचं पांघरूण सारखं केलं.

"एकदा मधे अडकलो होतो. त्या दिवशी मी कुणाशी बोललो नाही. तुम्हाला वाटलं, पोट बिघडलंय."

तुम्ही माझ्याकडे बघत होतात. एका शब्दाची वाट बघत होतात, अण्णा, हे मला तेव्हाही कळत होतं. मी पुन्हा साहेबांच्या चहाबद्दल बोलायला लागलो. तुम्ही हात वर करून मला थांबवलंत, वर्गात थांबवत असाल तसं.

"मला सांगितलंत, झालं. आता कुसुमला सांगा. मालूला सांगा. सेनलाही. मी आहे तोवर सांगा."

"आज सांगतो," मी म्हणालो.

त्या संध्याकाळी कुसुम दमलेली होती. दुसऱ्या दिवशी तुमचा ताप वाढला. मी म्हटलं, ताप उतरू दे. कुसुम तुम्हाला चमच्यानं पेज भरवत होती आणि लहान मुलाशी बोलावं तसं बोलत होती, "अण्णा, मी कोण? ओळखलंत ना?" तुम्ही तिच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलंत. मी औषधाची बाटली हलवायला लागलो. तिसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही गेलात. तोपर्यंत मी सांगितलं नव्हतं.

नंतरचे दिवस लोक येत होते, जात होते, आणि मी विधी करत होतो. काल तेराव्याला जेवणं झाल्यावर ओसरीवर मंडळी बसली. तुमचे बालीगंजचे दोन मास्तर होते, शेजारपाजारचे होते. तुमच्या आठवणी निघाल्या. कुणीतरी तुमच्या छत्रीची गोष्ट सांगितली. मग सेनबाबूंनी हौदाची सुरू केली. ते प्रेमानं सांगत होते. होडी कशी तरंगली, मासे कसे ओळीनं मांडले होते, आणि बिचारे मास्तरमशाय निरोप विसरून बालीगंजला चहा पीत बसले होते.

"पण एक मला कधी समजलं नाही," ते म्हणाले. "जो माणूस मला बुद्धिबळात रोज हरवायचा, सात-सात चाली पुढच्या बघायचा, तो एवढा निरोप कसा विसरला?"

"म्हातारपण," एक मास्तर म्हणाले. सगळ्यांनी माना हलवल्या. कुसुम डोळे पुसत हसली. मालू आता तेरा वर्षांची आहे, तीही हसली. मला दिसलं, की ही गोष्ट आता तुमची आठवण म्हणून राहणार. मालू ती तिच्या मुलांना सांगणार.

मी उठून उभा राहिलो. "सेनबाबू, थांबा," मी बंगालीत म्हणालो. माझं बंगाली दोन वाक्यांत संपलं. मग मी मराठीतच बोललो, कारण ते आधी कुसुमला सांगायचं होतं. मराठी जाणणारे एक मास्तर सेनबाबूंना हळू आवाजात समजावत होते.

"अण्णांना कुणी निरोप दिला नव्हता. आदल्या संध्याकाळी मी स्वतः मजुरांना सगळा हौद रिकामा करायला सांगितलं होतं. अण्णांचं बोलणं मला पूर्ण आठवत होतं, तरी सांगितलं. नंतर तुम्हा सगळ्यांसमोर खोटं बोललो."

"अहो, काय बोलताय हे?" कुसुम म्हणाली.

"खरं बोलतोय. ते शेवटच्या दिवसापर्यंत काहीही विसरत नव्हते. फाटकाला कुलूप तू लावलंस, कुसुम, पण ते तुला लावायला मी लावलं. त्यांनी मला हे तुम्हाला सांगायला सांगितलं होतं, ते जिवंत असताना. तेही मी केलं नाही. मला तुझी माफी मागायची आहे. मालू, तुझीही."

कुसुम उठून आत गेली. मालू बसून राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली, म्हणून मला थांबता आलं नाही. मी तुमच्या फोटोकडे वळलो, हात जोडले, आणि त्या दुपारी तुमच्या खाटेजवळ जे राहून गेलं होतं ते सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणालो.

"अण्णा, मी खोटं बोललो आणि तुम्हाला तुमच्याच मनाची भीती घातली. त्याला काही कारण नाही. मला क्षमा करा."